एकच खुर्ची, दोन कारकिर्दी

मराठी वर्तमानपत्रांत कधीमधी ‘कॅलिफोर्नियाचे राज्यपाल’ असा उल्लेख वाचायला मिळतो. शब्दकोश उघडला तर भाषांतर बरोबर आहे, पण डोळ्यांपुढे चित्र भलतेच उभे राहते. आपला राज्यपाल दिल्लीहून नेमला जातो, मलबार हिलवर राहतो, मंत्र्यांना शपथ देतो आणि एरवी मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने सह्या करतो. अमेरिकेतला गव्हर्नर लोकांच्या मतांवर थेट निवडून येतो आणि राज्याचा गाडा स्वतः हाकतो. मग त्याला मुख्यमंत्री म्हणावे, तर तेही पुरते बसत नाही. आपल्या मुख्यमंत्र्याचे विधानसभेतले बहुमत गेले की खुर्ची गेली. गव्हर्नरच्या पक्षाला सभागृहात बहुमत नसले तरी तेवढ्याने त्याची खुर्ची जात नाही. आणि बहुमत असले तरी त्याचे अंदाजपत्रक अडकून पडू शकते.

ही खुर्ची चालते तरी कशी? ते पाहायला जेरी ब्राऊन यांच्याइतके सोयीचे उदाहरण सापडणे कठीण. ते १९७५ ते १९८३ अशी आठ वर्षे कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर होते. त्यानंतर २८ वर्षांनी पुन्हा निवडून आले आणि २०११ ते २०१९ अशी आणखी आठ वर्षे त्याच खुर्चीत बसले. पहिल्यांदा शपथ घेतली तेव्हा वय ३६, शेवटी पायउतार झाले तेव्हा ८०. या राज्याच्या इतिहासात इतकी वर्षे गव्हर्नर दुसरे कोणी राहिलेले नाही. माणूस तोच, खुर्ची तीच. मधल्या काळात बदलले ते खेळाचे नियम. म्हणून दोन कारकिर्दी शेजारी-शेजारी ठेवल्या की माणसाचे कर्तृत्व किती आणि नियमांची करामत किती, याचा हिशेब लागतो.

खुर्ची आणि शेजारच्या खुर्च्या

आधी गव्हर्नरच्या हातात काय असते ते पाहू. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळात ४० जणांचे सिनेट आणि ८० जणांची असेंब्ली. दोन्हीकडे संमत झालेले विधेयक गव्हर्नरकडे येते. सही केली की कायदा. नको असेल तर नकाराधिकार. एरवी त्याला १२ दिवसांची मुदत असते, आणि या मुदतीत त्याने काहीच केले नाही तर विधेयक सहीविनाच कायदा होते. नुसते दाबून ठेवण्याची सोय नाही. नकाराधिकार मोडायचा तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश मते लागतात. अंदाजपत्रकात तर त्याला आणखी बारीक कात्री मिळालेली असते: बाकीचे अंदाजपत्रक मान्य करून एखादी रक्कम तेवढी तो कमी करू शकतो किंवा खोडू शकतो. शिवाय न्यायाधीशांच्या नेमणुका, शेकडो मंडळांवरच्या नेमणुका आणि शिक्षा माफ करण्याचा अधिकार.

आता मर्यादा. आपल्याकडे मुख्यमंत्री आपले मंत्री निवडतो. कॅलिफोर्नियात लेफ्टनंट गव्हर्नर, ॲटर्नी जनरल, हिशेब पाहणारा कंट्रोलर, खजिनदार, सेक्रेटरी ऑफ स्टेट हे सगळे लोकांतून वेगवेगळे निवडून येतात. ते दुसऱ्या पक्षाचेही असू शकतात, आणि उद्या याच खुर्चीवर डोळा ठेवून असतात. गव्हर्नर त्यांना काढू शकत नाही.

माफीच्या अधिकारालाही कुंपण आहे, हे ब्राऊन यांनी घरातच पाहिले. त्यांचे वडील पॅट ब्राऊन १९५९ ते १९६७ या काळात गव्हर्नर होते. १९६० साली कॅरिल चेसमन या कैद्याची फाशी जवळ आली होती. जेरी तेव्हा २१ वर्षांचे, जेझुइट पाद्री होण्याचे शिक्षण सोडून नुकतेच बाहेर पडलेले. त्यांनी वडिलांना फोन करून शिक्षा थांबवण्याची गळ घातली, आणि पॅट यांनी ६० दिवसांची स्थगिती दिली. पण शिक्षा कायमची बदलता येईना. ज्याच्यावर एकाहून अधिक गंभीर गुन्हे शाबीत झाले आहेत त्याची शिक्षा कमी करायला राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बहुमताची संमती लागते, आणि ते ४ विरुद्ध ३ असे उलट गेले. विधिमंडळानेही फाशी रद्द करायला नकार दिला. मे महिन्यात चेसमनला सॅन क्वेंटिनच्या तुरुंगात मृत्युदंड झाला.

शिडीच्या पायऱ्या

१९६६ साली पॅट ब्राऊन यांना रोनाल्ड रेगन यांनी हरवले. तीनच वर्षांनी मुलगा राजकारणात उतरला, तो लॉस एंजेलिसच्या कम्युनिटी कॉलेजांच्या विश्वस्त मंडळाच्या निवडणुकीत. पद छोटे, पण लाखो मतदारांच्या मतपत्रिकेवर नाव, आणि आडनाव सगळ्यांना पाठ. १९७० साली ते सेक्रेटरी ऑफ स्टेट म्हणून निवडून आले. हे पद निवडणुका आणि नोंदी सांभाळण्याचे. कोणी फारशी दखल घेत नसे. ब्राऊन यांनी उमेदवारांच्या देणग्यांचे नियम कडकपणे लागू करायला सुरुवात केली. वॉटरगेट घोटाळ्याचे दिवस होते. जून १९७४ मध्ये राजकीय देणग्या आणि लॉबी करणाऱ्यांवर बंधने घालणारा ‘प्रस्ताव ९’ मतदारांपुढे आला आणि मंजूर झाला. त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर, डेमोक्रॅटिक पक्षाची गव्हर्नरपदाची उमेदवारीही ठरत होती. प्रस्तावाचे पुरस्कर्ते ब्राऊन, उमेदवारही ब्राऊन. नोव्हेंबरात ते तीन टक्क्यांहून कमी फरकाने निवडून आले.

पहिल्या कारकिर्दीचे किस्से फार झाले. रेगन यांच्या काळात ठरलेल्या नव्या आलिशान निवासस्थानात राहायला नकार देऊन ते राजधानी सॅक्रामेंटोत भाड्याच्या फ्लॅटमध्ये जमिनीवर गादी टाकून झोपत, आणि साध्या निळ्या प्लिमथ गाडीतून फिरत. राज्याचा स्वतःचा उपग्रह असावा असे म्हणाले, तेव्हा शिकागोचे स्तंभलेखक माइक रॉयको यांनी त्यांना ‘मूनबीम’, म्हणजे चांदण्याची तिरीप, असे नाव चिकटवले. ते जन्मभर निघाले नाही. पण त्याच माणसाने १९७५ साली शेतमजुरांना संघटना करण्याचा आणि गुप्त मतदानाने ती निवडण्याचा हक्क देणारा कायदा घडवून आणला. 

नकाराधिकाराची मर्यादाही त्यांना लवकर कळली. १९७७ साली त्यांनी फाशीची शिक्षा परत आणणारे विधेयक नाकारले. विधिमंडळाने दोन-तृतीयांश मतांनी त्यांचा नकार मोडून काढला. त्याच वर्षी त्यांनी रोझ बर्ड यांना सरन्यायाधीश नेमले. पण तिथे नेमलेल्या न्यायाधीशांनाही ठरावीक काळाने मतदारांपुढे जावे लागते. १९८६ साली, ब्राऊन यांची मुदत केव्हाच संपलेली असताना, फाशीच्या प्रश्नावरूनच मतदारांनी बर्ड यांना आणि ब्राऊन यांनीच नेमलेल्या आणखी दोघा न्यायाधीशांना घरी पाठवले.

तेराव्या प्रस्तावाचा तडाखा

इथे या राज्याच्या यंत्रातले सर्वांत मोठे चाक येते. १९११ साली हायरम जॉन्सन हे गव्हर्नर असताना, रेल्वे कंपनीच्या मुठीत गेलेल्या विधिमंडळावर उतारा म्हणून, मतदारांना तीन हत्यारे देण्यात आली: स्वतः कायदा मांडणे, विधिमंडळाचा कायदा मतदानाला लावणे आणि निवडून दिलेल्याला मुदतीआधी परत बोलावणे. गव्हर्नरपदाच्या मागच्या निवडणुकीत जितकी मते पडली असतील त्यांच्या ५ टक्के सह्या जमवल्या की साधा कायदा, ८ टक्के जमवल्या की राज्यघटनेची दुरुस्ती थेट मतपत्रिकेवर. गव्हर्नरची सही लागत नाही, आणि त्याचा नकाराधिकार तिथे पोचतच नाही.

सत्तरच्या दशकात घरांच्या किमती भराभर चढल्या आणि घरपट्टीही. निवृत्त लोकांना राहत्या घराची पट्टी भरणे जड जाऊ लागले. सॅक्रामेंटोच्या तिजोरीत अब्जावधी डॉलरची शिल्लक पडून होती, पण करसवलत कशी द्यावी यावर गव्हर्नर आणि विधिमंडळ घोळ घालत बसले. हॉवर्ड जार्विस आणि पॉल गॅन यांनी सह्या गोळा केल्या. ६ जून १९७८ रोजी ‘प्रस्ताव १३’ जवळपास ६५ टक्के मतांनी मंजूर झाला.

त्यात मुख्य गोष्टी तीन. घरपट्टी मालमत्तेच्या नोंदलेल्या किमतीच्या १ टक्क्यापर्यंतच. ती किंमत १९७५ची धरायची आणि वर्षाला फार तर २ टक्क्यांनी वाढवायची. घर विकले गेले की नवी किंमत लागू. आणि राज्याचा कोणताही कर वाढवायचा तर विधिमंडळात दोन-तृतीयांश मते हवीत.

समजा १९७५ साली ५० हजार डॉलर किमतीचे घर होते. दरसाल २ टक्के धरले तर ४० वर्षांनी कागदावरची किंमत सुमारे १ लाख १० हजार. पट्टी ११०० डॉलर. शेजारचे तसेच घर एखाद्या नव्या कुटुंबाने १५ लाखांना घेतले, तर त्याला १५ हजार. भिंतीला भिंत लागून, शाळा तीच, रस्ता तोच. सॅन होजे, फ्रीमाँट, सनीवेल या भागात स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हा फरक समजावून सांगावा लागत नाही. घर घेतल्यावर पहिल्या बिलातच तो कळतो.

ब्राऊन यांनी प्रस्तावाला उघड विरोध केला होता. निकाल लागला आणि पाच महिन्यांवर त्यांची स्वतःची फेरनिवडणूक. त्यांनी रातोरात पवित्रा बदलला: राज्याची नोकरभरती रोखली, शिलकीतला पैसा शाळांना आणि स्थानिक संस्थांना वाटला. विरोधकांनी संधिसाधू म्हटले. मतदारांनी नोव्हेंबरात मोठ्या फरकाने पुन्हा निवडून दिले. या सगळ्यात एक बदल मात्र कायमचा झाला. घरपट्टीचा हुकमी पैसा आटला, स्थानिक संस्था सॅक्रामेंटोकडे हात पसरू लागल्या, आणि राज्याची भिस्त श्रीमंतांच्या प्राप्तिकरावर आली. शेअर बाजार वर गेला की तिजोरी ओसंडते, कोसळला की खडखडाट. पुढच्या प्रत्येक गव्हर्नरला हा झोपाळा वारशात मिळाला, आणि त्यात दुसऱ्या वेळचे ब्राऊनही आले.

राज्याची वेस ओलांडली की

मोठ्या राज्याच्या गव्हर्नरला राष्ट्राध्यक्षपदाची ओढ लागतेच. ब्राऊन यांनी १९७६ साली उशिरा उडी घेतली आणि मेरीलँड, नेव्हाडा व कॅलिफोर्नियाच्या पक्षांतर्गत निवडणुका जिंकल्या. पण तोवर जिमी कार्टर पुढे निघून गेले होते. १९८० साली पुन्हा उभे राहिले, एकही राज्य हाती लागले नाही आणि एप्रिल उजाडताच माघार घेतली.

या दौऱ्यांनी राज्यघटनेतली एक गंमत उघड केली. गव्हर्नर राज्याबाहेर गेला की लेफ्टनंट गव्हर्नर कार्यकारी गव्हर्नर होतो. १९७९ पासून त्या पदावर माइक कर्ब होते, रिपब्लिकन पक्षाचे. ब्राऊन बाहेर पडले की कर्ब कामाला लागत. एकदा तर त्यांनी अपील न्यायालयावर न्यायाधीशच नेमून टाकला. ब्राऊन यांनी परत येऊन नेमणूक मागे घेतली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल असा: गैरहजेरीत कर्ब यांना अधिकार आहे, पण नेमणूक पक्की होण्याआधी परतलेला गव्हर्नर ती मागे घेऊ शकतो. म्हणजे अधिकार माणसाच्या नव्हे, त्याच्या पत्त्याच्या स्वाधीन.

१९८१ साली फळमाशीची साथ आली. लोकवस्तीवर विमानातून कीटकनाशक फवारावे की नाही यावर ब्राऊन अडखळत राहिले. फवारणी केली तेव्हा पर्यावरणवादीही नाराज आणि शेतकरीही. १९८२ साली अमेरिकेच्या सिनेटची निवडणूक ते पीट विल्सन यांच्याकडून हरले. तेव्हा वय अवघे ४४. सगळ्यांनी मानले, संपले.

मधली अठ्ठावीस वर्षे

ते जपानला जाऊन झेन ध्यान शिकले, कोलकात्यात मदर तेरेसांच्या सेवाकेंद्रात राबले. परत येऊन पक्षाचे प्रदेशाध्यक्ष झाले. १९९२ साली तिसऱ्यांदा राष्ट्राध्यक्षपदासाठी उभे राहिले. कोणाकडूनही १०० डॉलरपेक्षा जास्त घ्यायचे नाहीत, असा नेम करून. बिल क्लिंटन यांच्यापुढे टिकले नाहीत, तरी काही राज्ये जिंकली.

मग शिडी पुन्हा खालून. १९९९ ते २००७ ते ओकलंडचे महापौर होते. सत्तरच्या दशकात आभाळाकडे पाहणारा माणूस आता मध्यवस्तीत १० हजार लोक राहायला आणण्याची आकडेमोड करू लागला. परवाने, पोलीस, शाळा यांत डोके घालू लागला. सॅक्रामेंटोत बसून केलेला कायदा शहराच्या खिडकीवर कसा पोचतो, ते त्यांनी दुसऱ्या बाजूने पाहिले. २००७ साली ते ॲटर्नी जनरल झाले.

याच काळात दोन घटना घडल्या. १९९० साली ‘प्रस्ताव १४०’ने गव्हर्नरला जन्मभरात दोनच मुदती असे बंधन घातले. आणि २००३ साली मतदारांनी १९११चे तिसरे हत्यार उपसून ग्रे डेव्हिस यांना मुदतीआधी काढले व अर्नोल्ड श्वार्झनेगर यांना बसवले. हे डेव्हिस म्हणजे ब्राऊन यांच्याच पहिल्या कारकिर्दीतले मुख्य सहायक.

दोन मुदतींचे बंधन आले, तर दोन मुदती भोगलेले ब्राऊन पुन्हा कसे? कारण बंधन मागे लागू होत नव्हते. १९९०च्या आधीची वर्षे हिशेबात धरायची नाहीत असे त्यातच होते. २०१० साली रिपब्लिकन पक्षाच्या मेग व्हिटमन यांनी स्वतःचे १४ कोटी डॉलरहून अधिक ओतले. ब्राऊन सुमारे १३ टक्क्यांच्या फरकाने जिंकले.

दोन-तृतीयांशाचे कुलूप

जानेवारी २०११. तूट सुमारे २७ अब्ज डॉलर. पहिल्याच महिन्यात त्यांनी सरकारी कर्मचाऱ्यांचे ४८ हजार मोबाइल परत मागवले. त्याने तूट भरणार नव्हती. पण कर मागायला जाण्याआधी आपली काटकसर दिसली पाहिजे, हे त्यांना ठाऊक होते.

खरी अडचण आकड्यांची होती. त्यांच्या पक्षाचे सिनेटमध्ये २५ आणि असेंब्लीत ५२. दोन-तृतीयांशासाठी हवे होते २७ आणि ५४. म्हणजे विरोधकांतले फक्त चार जण. जुने तात्पुरते कर चालू ठेवावेत का, हे मतदारांना विचारू द्या, एवढेच त्यांचे म्हणणे. महिनोन्‌महिने चर्चा झाली. चार जण मिळाले नाहीत.

एक कुलूप मात्र नुकतेच निघाले होते. पूर्वी अंदाजपत्रकालाही दोन-तृतीयांश लागत. नोव्हेंबर २०१०च्या ‘प्रस्ताव २५’ने ते साध्या बहुमतावर आणले आणि वेळेत अंदाजपत्रक न दिल्यास आमदारांचा पगार कापण्याची अट घातली. जूनमध्ये डेमोक्रॅटिक आमदारांनी घाईघाईत हिशेबाच्या करामतींनी भरलेले अंदाजपत्रक पाठवले. ब्राऊन यांनी आपल्याच पक्षाचे अख्खे अंदाजपत्रक नाकारले. कॅलिफोर्नियाच्या इतिहासात असे पहिल्यांदाच घडले. कंट्रोलरने आमदारांचे पगार रोखले, आणि महिना संपायच्या आत दुसरे अंदाजपत्रक तयार झाले.

करांसाठी ब्राऊन यांनी विधिमंडळाचा दरवाजा सोडला आणि १९११चा धरला. सह्या गोळा करून ‘प्रस्ताव ३०’ आणला: विक्रीकरात पाव टक्का वाढ चार वर्षांसाठी, वर्षाला अडीच लाख डॉलरच्या वर कमावणाऱ्यांचा प्राप्तिकर सात वर्षांसाठी वाढवायचा. सोबत अंदाजपत्रकात लिहून ठेवले की प्रस्ताव पडला तर आपोआप सुमारे ६ अब्ज डॉलरची कपात होईल, मुख्यतः शाळांच्या पैशांत. नोव्हेंबर २०१२ मध्ये ५५ टक्के मतदारांनी हो म्हटले. १९७८ साली ज्या वाटेने त्यांचा पराभव झाला होता, त्याच वाटेने ते या वेळी गेले.

पैसा आला तसे खर्चाचे हात पुढे आले. तेव्हा मात्र त्यांनी तिजोरीवर हात ठेवला. २०१४च्या ‘प्रस्ताव २’ने, शेअर बाजार तेजीत असताना येणाऱ्या पैशातला वाटा बाजूला काढायचे घटनेतच लिहिले गेले. त्याच निवडणुकीत ते ६० टक्के मतांनी चौथ्यांदा निवडून आले. विरोधात होते भारतीय वंशाचे नील काशकरी. २०१८-१९च्या अंदाजपत्रकात ही गंगाजळी जवळपास १४ अब्ज डॉलरवर पोचली. तेराव्या प्रस्तावाने दिलेला झोपाळा थांबला नाही, पण खाली उशी आली.

आपलीच गाठ

१९७६ साली ब्राऊन यांनी तुरुंगवासाच्या शिक्षांचा कायदा बदलला होता. आधी कैदी कधी सुटणार हे एक मंडळ ठरवी. त्यात पक्षपात होतो म्हणून नव्या कायद्याने शिक्षेची वर्षे ठरवून दिली. हेतू न्यायाचा. पण वर्षांचा आकडा एकदा कायद्यात आला की तो वाढवणे आमदारांना सोपे झाले. निवडणूक आली की शिक्षा वाढवायची. सत्तरच्या दशकात सुमारे २० हजार असलेले कैदी २००६पर्यंत १ लाख ६० हजारांच्या वर गेले.

मे २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ही गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांवर आणण्याचा आदेश दिला. खटल्याचे नाव ‘ब्राऊन विरुद्ध प्लाटा’. तो आधीपासून चालू होता, पण खुर्चीतल्या माणसाचे नाव लागते. ब्राऊन यांनी किरकोळ गुन्ह्यांच्या कैद्यांची जबाबदारी काउंटींकडे, म्हणजे जिल्ह्यांकडे, सोपवली आणि २०१६ साली ‘प्रस्ताव ५७’ नेऊन चांगल्या वागणुकीच्या बळावर लवकर सुटण्याची वाट पुन्हा मोकळी केली. आपल्या जुन्या कायद्याचे परिणाम आपल्याला दिसले नव्हते, हे त्यांनी उघड मान्य केले. अशी कबुली द्यायला माणूस पुन्हा त्याच खुर्चीत यावा लागतो. बहुतेकांना ती संधी मिळत नाही.

शेवटच्या महिन्यांत त्यांनी शेकडो कैद्यांना माफी आणि सवलत दिली. त्यातल्या काही प्रकरणांत तेच जुने कुंपण आडवे आले: सर्वोच्च न्यायालयाने संमती नाकारली. वडिलांना १९६० साली लागली होती, तीच ठेच मुलाला २०१८ साली.

जानेवारी २०१९ मध्ये ते कोलुसा काउंटीतल्या पणजोबांच्या जमिनीवर राहायला गेले. मागे शिलकीची तिजोरी होती आणि २०४५पर्यंत सगळी वीज कार्बनमुक्त करण्याचा कायदा होता. तसेच अर्धवट राहिलेली वेगवान रेल्वे होती, आणि सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेलेली घरेही.

तेराव्या प्रस्तावाला मात्र दुसऱ्या कारकिर्दीतही त्यांनी हात लावला नाही. २०२० साली फक्त व्यापारी मालमत्तांपुरता तो बदलण्याचा प्रयत्न झाला, तोही मतदारांनी फेटाळला. सोळा वर्षे राज्य केलेल्या माणसाची कारकीर्द संपली. भिंतीला भिंत लागून असलेल्या त्या दोन घरांच्या पट्टीचा पहिला हप्ता अजूनही दरवर्षी १० डिसेंबरच्या आत भरावा लागतो, आणि दोन्ही बिलांवरचे आकडे १९७८च्या जूनमधल्या एका मंगळवारी ठरलेल्या नियमानेच छापलेले असतात.